अज्ञात फळ आणि चॉकलेटची काळी वडी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो, साधुसाध्वी भगवंतांचा विहार सुरू होतो आणि माणगावच्या बाजारपेठेत पुढच्या उन्हाळ्यातील प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. एके काळी या बेतांत पालिताणा, शिखरजी, आबू आणि शंखेश्वर एवढीच नावे असत. तीर्थयात्रा आजही होते, पण तिच्या जोडीला आता मुलानातवंडांच्या हट्टापायी युरोपचीही सहल ठरते. सहल ठरविताना घरातील वडील मंडळींचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. सोबत जैन आचारी आहे का, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, कंदमुळाचा स्पर्श तर होणार नाही ना, हे विचारून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम दिली जात नाही. हे योग्यच आहे.

परंतु अडचण जेवणाच्या पंगतीत येत नाही. पंगतीत आचारी असतो, व्यवस्थापक असतो, चार जाणती माणसे असतात. अडचण येते ती दुपारच्या मोकळ्या वेळात, एखाद्या गावच्या गल्लीत, कोणी हसतमुखाने तबक पुढे करून 'चाखून पाहा' म्हणतो तेव्हा. इटलीतील अनेक शहरांत आता प्रवाशांसाठी चॉकलेटच्या आस्वादाचे कार्यक्रम होतात. एक माहीतगार वाटाड्या दहा-बारा जणांना कारागिराच्या दुकानात नेतो, चॉकलेट कसे बनते ते सांगतो आणि एकेक तुकडा हातावर ठेवतो. लहान मुलांना याहून आनंदाचा कार्यक्रम कोणता असणार? चॉकलेट म्हणजे दूध, साखर आणि कोको, त्यात अभक्ष्य ते काय, अशी वडीलधाऱ्यांचीही समजूत असते. ही समजूत कोठे बरोबर आहे आणि कोठे चुकीची, हे पाहण्यासाठी सिसिली बेटावरील मोदिका या गावाचे उदाहरण फार उपयोगी आहे.

मोदिका हे सिसिलीच्या आग्नेय भागातील, दरीच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले जुने गाव. १६९३ च्या भीषण भूकंपात हा सारा प्रदेश उद्ध्वस्त झाला. त्यानंतर तो नव्याने बांधला गेला आणि २००२ साली युनेस्कोने मोदिकासह येथील आठ गावांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सिसिलीवर दीर्घकाळ स्पेनची सत्ता होती. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत दगडी पाट्यावर कोको वाटण्याची रीत पाहिली आणि ती त्यांच्यामार्फत येथे आली, असे मानले जाते. पुढे युरोपात चॉकलेटचे रूप पालटले. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दुधाचे चॉकलेट निघाले. १८७९ साली तेथेच चॉकलेट तासन्‌तास घोटून लोण्यासारखे मऊ करण्याची युक्ती सापडली. मोदिकाने यांतील काहीच घेतले नाही.

तेथील रीत अशी. भाजून वाटलेला कोको, म्हणजे कोकोचा लगदा, केवळ सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करतात आणि त्यात साखर मिसळतात. एवढ्या कमी उष्णतेत साखर वितळत नाही. कोकोच्या स्निग्धांशात ती विरघळतही नाही, कारण त्यात पाणी नसते. मिश्रण साच्यात घालून, साचे आपटून वडी पाडतात. दूध नाही, वेगळी चरबी नाही. त्यामुळे ही वडी दाताखाली रवाळ लागते. साजूक तुपाच्या रव्याची ज्यांना आवड आहे त्यांना हा पोत परका वाटणार नाही. वरून ती ओबडधोबड, कधी पांढुरकी झाक असलेली दिसते. ती झाक बुरशीची नसून वर आलेल्या कोकोच्या स्निग्धांशाची असते. २०१८ साली युरोपीय संघाने या चॉकलेटला भौगोलिक मानांकन दिले. योगायोग असा की त्याच २०१८ साली आपल्या रायगडसह कोकणपट्टीतील पाच जिल्ह्यांच्या हापूस आंब्यालाही भारतात भौगोलिक मानांकन मिळाले.

चाखण्याची पद्धत व्यापारी घरातील माणसास सहज समजावी अशी आहे. धान्याच्या पोत्यातून नमुना काढून आपले आजोबा तो आधी तळहातावर पसरत, मग हुंगत, मग एकच दाणा दाताखाली धरीत. येथेही तसेच. प्रथम रंग पाहायचा. मग तुकडा मोडून त्याचा आवाज ऐकायचा. मग वास घ्यायचा. शेवटी लहानसा तुकडा जिभेवर ठेवून, न चावता, विरघळू द्यायचा. कोकोचा स्निग्धांश सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे शरीराच्या उष्णतेहून थोड्या कमी तापमानावर वितळतो. म्हणूनच तो तोंडात पाझरतो, आणि म्हणूनच माणगावच्या मे महिन्यात दुकानदाराला चॉकलेट शीतकपाटात ठेवावे लागते. दोन चवींच्या मध्ये घोटभर पाणी घ्यायचे. वेष्टनावरील ७० टक्के याचा अर्थ कोकोचा अंश सत्तर आणि उरलेली मुख्यतः साखर. तासाभराच्या कार्यक्रमात पोटात जाते ते फार थोडे. भुकेपेक्षा कमी खाण्याला आपण ऊनोदरी म्हणतो आणि त्याला बाह्य तपात स्थान देतो. येथे हेतू तपाचा नाही, हे खरे. तरीही मूठभर खाऊन काहीच न कळण्यापेक्षा कणभर घेऊन पूर्ण जाणणे बरे, हे मुलांना शिकविण्याची ही एक संधी आहे.

आता मुख्य मुद्दा. मोदिकात चॉकलेटच्या वडीबरोबर गावची इतर मिठाईही पाहुण्यांपुढे ठेवण्याची रीत आहे. त्या तबकात तीन पदार्थ आहेत असे समजू या. एक, वर सांगितलेली काळी, खडबडीत वडी. दुसरा, अर्धचंद्राकृती, खरपूस भाजलेला, वर साखर भुरभुरलेला पदार्थ. तिसरा, तिळाची चकाकणारी चौकोनी वडी. आपल्या घरातील कोणत्याही माणसाचा हात आधी दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाईल. दुसरा पदार्थ हुबेहूब दिवाळीची करंजी आणि तिसरा संक्रांतीची चिक्की. काळ्या वडीबद्दलच काय तो मनात किंतू येईल.

प्रत्यक्षात स्थिती नेमकी उलटी आहे. त्या करंजीला तेथे म्पानातिग्गी म्हणतात. तिच्या सारणात बदाम, साखर, दालचिनी आणि चॉकलेट यांच्याबरोबर बारीक केलेले गोवंशाचे मांस असते. हा तेथील शतकानुशतकांचा पारंपरिक पदार्थ आहे. मांसाची चव मसाल्यात आणि चॉकलेटात इतकी मिसळून जाते की खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. तिळाच्या वडीला कुब्बाइता म्हणतात आणि ती पारंपरिक रीतीने मधात बांधतात. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगयींपैकी दोन अशा रीतीने ओळखीचा वेष घालून तबकात बसलेल्या असतात. आणि जिच्याकडे पाहून शंका आली ती काळी वडी मात्र मूळ रूपात केवळ कोको आणि साखर आहे.

यात यजमानाचा काहीही दोष नाही. तो आपल्या गावचा मानाचा पदार्थ प्रेमाने पुढे करतो. आपला धर्म त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. जबाबदारी आपली आहे, आणि ती आपल्या पूर्वाचार्यांनी फार आधी ओळखली होती. बावीस अभक्ष्यांच्या यादीत अज्ञात फळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. ज्याचे नाव व गुण ठाऊक नाहीत ते फळ, दिसायला कितीही सुंदर असले तरी, खाऊ नये. हा नियम रानात वाट चुकलेल्या भुकेल्या प्रवाशासाठी जितका खरा तितकाच परदेशातील गल्लीत उभ्या असलेल्या प्रवाशासाठी खरा आहे. वस्तू अज्ञात आहे तोवर ती वर्ज्य. विचारून, वाचून ती ज्ञात झाली म्हणजे मग घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय. या सावधपणालाच आपण जयणा म्हणतो. नकळत घडलेल्या दोषाला प्रायश्चित्त आहे, पण विचारण्याचा आळस केला तर त्याला नकळत कसे म्हणावे?

विचारावे काय, हेही नेमके माहीत असावे. भारतात वेष्टित पदार्थावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका सक्तीचा आहे. त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की परदेशातही डोळे तोच शोधतात. युरोपात अशी सक्तीची खूण नाही. तेथे घटकांची यादी सक्तीची आहे आणि ज्यांमुळे काहींना बाधा होते असे चौदा घटक, जसे दूध, अंडी, काजूबदाम, त्या यादीत ठळक दाखवावे लागतात. म्हणजे अंडे ठळक दिसेल. परंतु मांस आणि मध त्या चौदांत नाहीत. ते साध्या अक्षरांत, शोधून वाचावे लागतात. यासाठी चार इटालियन शब्द एका कागदावर लिहून खिशात ठेवावेत. कार्ने म्हणजे मांस. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. उओवा म्हणजे अंडी. मिएले म्हणजे मध. त्यापुढे सेंत्सा, म्हणजे 'शिवाय', हा शब्द जोडला की प्रश्न पूर्ण होतो. सांकेतिक क्रमांकांपैकी ई १२० हा किड्यापासून काढलेला लाल रंग आणि ई ९०४ ही लाखेची चकाकी, एवढे दोन तरी मुलांकडून पाठ करून घ्यावेत. सुट्या मिठाईबाबत मात्र तोंडाने विचारण्यास पर्याय नाही.

काही बारकावे आणखी. यादीत 'बुर्रो दि काकाओ' दिसले तर घाबरू नये. ते लोणी नसून कोकोच्या बियांतून पिळून काढलेला वनस्पतिजन्य स्निग्धांश आहे. मोदिकाची वडी दालचिनी, व्हॅनिला, मिरची, संत्र्याची साल अशा अनेक स्वादांत मिळते. त्यांत आल्याचाही स्वाद असतो. आले कंदमूळ आहे. सुंठ चालते की नाही याबाबत प्रत्येकाने आपल्या घरचा नियम पाळावा. उत्तर इटलीत रम किंवा अन्य मद्य भरलेली चॉकलेटे सर्रास मिळतात आणि बाहेरून ती ओळखू येत नाहीत. कोकोची बी झाडावरून काढल्यावर काही दिवस आंबवितात, मग वाळवून भाजतात. ज्यांना या आंबविण्याविषयी शंका वाटते त्यांनी प्रवासापूर्वीच गुरुभगवंतांना विचारून मन निःशंक करून घ्यावे. चौविहार करणाऱ्यांनी वेळेचाही विचार करावा. सिसिलीत जूनमध्ये सूर्य सायंकाळी आठनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये पाचच्याही आधी. त्यामुळे हिवाळ्यातील सायंकाळचा कार्यक्रम आपल्या उपयोगाचा नाही.

हा विषय केवळ प्रवाशांचा नाही. चॉकलेट आता माणगावातही सणासुदीची भेट झाले आहे. दिवाळीत पेढ्याच्या खोक्याशेजारी चॉकलेटचे खोके असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे हा व्यापार वाढेलच. दुसरीकडे, पश्चिम आफ्रिकेतील पीक बिघडल्याने डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्याही पुढे गेला होता. माल महागतो तेव्हा त्यात स्वस्त वस्तू मिसळण्याचा मोह जगभर होतो. कोकोच्या स्निग्धांशाऐवजी दुसरे तेल घातलेला माल चॉकलेटसारखाच दिसतो आणि त्याच काउंटरवर विकला जातो. विकणाऱ्यानेही वेष्टन उलटून वाचले पाहिजे, ते यासाठी. हिरवा ठिपका शाकाहाराची खात्री देतो, जैन आहाराची देत नाही. मध आणि आले असलेल्या पदार्थावरही तो असू शकतो. आपल्या समाजातील ग्राहक विश्वासाने आपल्याच दुकानात येतो. त्याने विचारण्यापूर्वीच 'यात मध आहे बरे का' असे सांगणारा दुकानदार त्या दिवशी एक खोके कमी विकेल, पण ते घर पुढील वीस वर्षे त्याचे राहील. बँकेच्या कर्जखात्याला तारण लागते. दुकानाच्या पतीला असा उच्चारलेला शब्दच तारण असतो.

मोदिकाच्या कारागिराने ही गोष्ट आपल्या वडीत साधली आहे. कोको आणि साखर, फार तर एखादा स्वाद. यादी इतकी छोटी की लपविण्यास जागाच नाही. त्याच्याकडे गेलेल्या प्रवाशाने घरी येताना चार वड्या जरूर आणाव्यात, वेष्टन वाचून आणाव्यात. आणि तबकासमोर उभे असताना बरोबरचा नातू जर म्हणाला, 'दादा, ही तर आपली करंजी,' तर त्याचा हात हळूच धरून म्हणावे, 'बाळा, आधी यांना विचारू, यात काय आहे.' प्रश्न त्यालाच विचारू द्यावा. मिळालेले उत्तर तो जन्मभर विसरणार नाही.