पलटणीच्या गावाची पालिका

हिंगोलीत पत्ता सांगताना लोक अजूनही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशीच नावं घेतात. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी हैदराबाद कंटिन्जंट ही फौज एकोणिसाव्या शतकात इथे तळ देऊन होती. या फौजेचा खर्च एवढा, की त्यापोटी 1853 मध्ये निजामाला अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात द्यावा लागला. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात मिसळली गेली. छावणी उठली, तिच्याभोवती वसलेला बाजार आणि माणसं मात्र इथेच राहिली.

छावणीच्या गावाला सुविधा मिळतात, पण त्या कुणाला आणि का द्यायच्या हे गाव ठरवत नाही. इथला बाजार फौजेच्या गरजेनं वाढला आणि रस्ते तिच्या सोयीनं निघाले. छावणीनंतर निजामाचे तालुकदार आणि तहसीलदार आले. 17 सप्टेंबर 1948 नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. या साऱ्या काळात हिंगोली हे परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण होतं. मोठा निर्णय परभणीत, त्याहून मोठा औरंगाबादला किंवा मुंबईत. दीडशे वर्षांत सत्तेचे झेंडे बदलले, तरी निर्णय बाहेरून यायचा हे बदललं नाही. हिंगोलीच्या नगरपालिकेकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, कारण गावानं गावासाठी निवडलेली सत्ता हीच इथली सर्वात तरुण सत्ता आहे, आणि आजवर सर्वात दुबळी राहिलेली सत्ताही तीच.

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके परभणीतून वेगळे निघाले. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, कचेऱ्यांमागोमाग नोकरदार आले आणि शेताचे प्लॉट पडू लागले. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आत होती, 2011 मध्ये ती 85 हजारांवर गेली. नवा जिल्हा म्हणजे नवी वर्दळ, आणि वर्दळीचा भार नेहमी शहराच्या नळावर, नालीवर आणि रस्त्यावर पडतो.

नेमक्या त्याच 1999 साली राज्य सरकारनं नगरपालिकांची जकात रद्द केली. जकात नाक्यावरच्या रांगा, चिरीमिरी आणि व्यापाऱ्यांचा त्रास पाहता ती जायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जकात हे लहान शहरांच्या हातातलं सर्वात मोठं, रोज गोळा होणारं आणि कुणापुढे हात न पसरता मिळणारं उत्पन्न होतं. तिच्या जागी सरकारचं अनुदान आलं. म्हणजे ज्या वर्षी हिंगोलीवर जिल्ह्याच्या ठिकाणाचा बोजा चढला, त्याच वर्षी तिच्या कमरेची थैली सुटली. त्यानंतर शहरात झालेलं जवळपास प्रत्येक मोठं काम कुठल्या ना कुठल्या योजनेच्या नावानं आलं. योजना मुंबईत किंवा दिल्लीत ठरते आणि निधी कशावर खर्चायचा हे आदेशातच लिहिलेलं असतं. मुख्याधिकारी राज्य सरकारनं नेमलेला असतो. शिवाय 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 नुसार सभेचा ठराव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी तेवढी पालिकेच्या हाती उरते, आणि ती वाढवायला निवडणुकीच्या तोंडावर कोणताही पक्ष धजावत नाही.

तरीही निवडून आलेल्या नगरसेवकाला पर्याय नाही. सिद्धेश्वर धरणातून आलेलं पाणी कोणत्या गल्लीत शेवटी आणि सर्वात कमी पोचतं, हे टाकीवरच्या नोंदवहीत सापडत नाही. ते त्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक असतं आणि त्या ते नगरसेवकाच्या दारात जाऊन सांगतात. अधिकाऱ्याची बदली होते. नगरसेवकाला त्याच गल्लीतून रोज ये-जा करावी लागते. लोकशाहीचा हा सर्वात खालचा धागा आहे आणि महाराष्ट्रानं तो चार वर्षं तुटलेला ठेवला.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं घटनेचं कलम 243-यू सांगतं. हिंगोलीची निवडणूक नोव्हेंबर 2016 मध्ये झाली होती. तिची मुदत संपून पुढची निवडणूक आली ती 2 डिसेंबर 2025 रोजी, आणि मोजणी झाली 21 डिसेंबरला. मधली वर्षं प्रशासकाची. कारणं सर्वांना माहीत आहेत. वाशीमसह काही जिल्हा परिषदांच्या ओबीसी आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च 2021 चा निकाल, मग ओबीसींची माहिती गोळा करण्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचनेचे बदललेले कायदे आणि पुन्हा न्यायालय. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानंच निवडणुका घ्या असं बजावलं. ओबीसींना त्यांचा वाटा मिळणं न्यायाचंच आहे. पण त्या वाट्यासाठी लागणारी माहिती वेळेत गोळा करणं हे सरकारचं काम होतं, आणि ते न केल्याची शिक्षा लोकांना झाली. सेनगाव आणि औंढा या जिल्ह्यातल्या नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये होऊ शकली. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी यांनी मात्र त्यानंतर जवळपास चार वर्षं वाट पाहिली. मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेतही प्रशासकच बसला.

या चार वर्षांचा आणखी एक तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. कळमनुरीचे राजीव सातव पंचायत समितीत बसले, मग जिल्हा परिषदेत, 2009 मध्ये विधानसभेत आणि 2014 मध्ये लोकसभेत. घरात राजकारण होतं, पण पायऱ्या त्यांनी एकेक करून चढल्या, आणि प्रश्नांचा अभ्यास करणारा खासदार म्हणून दिल्लीत त्यांची ओळख झाली. 2022 मध्ये पंचविशीत असलेल्या, वॉर्डात काम करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला पहिली पायरीच मिळाली नाही. राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सभागृहच नसेल तर त्या निम्म्या जागाही नसतात. मला या साऱ्या प्रकरणात सर्वात जास्त सल याचा आहे.

आता नवं सभागृह आलं आहे. त्याच्यापुढे पहिला प्रश्न शहराच्या हद्दीचा आहे. प्रभाग पाडले गेले ते 2011 च्या जनगणनेवर, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. चौदा वर्षांत शहर ज्या दिशांना पसरलं, ते त्या आकड्यांत नाही. शहराला लागून असलेलं बळसोंड पाहा. तिथली माणसं हिंगोलीत नोकरी करतात, हिंगोलीच्या बाजारात जातात, त्यांची मुलं हिंगोलीच्या शाळांत शिकतात. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. शहरी दाटीची वस्ती आणि तिच्या नाल्यांचं, कचऱ्याचं नियोजन गावठाणाच्या यंत्रणेवर, अशी ही स्थिती आहे. सांडपाण्याला हद्द कळत नाही. ते उताराला लागून कयाधूकडेच जातं, आणि कयाधू पुढे पैनगंगेला मिळते.

अशा वस्त्या शहरात घ्याव्यात, हे मला पटतं. पण बळसोंडच्या रहिवाशाची भीतीही खरी आहे. कर वाढेल ही एक, आणि दुसरी त्याहून मोठी. आज त्याला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. हद्दीत आला की ती सभा जाईल. वॉर्ड समित्या घटनेनं सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांत, आणि हिंगोलीसारखं शहर त्यातून सुटतं. म्हणजे खेड्यातल्या माणसाला कायद्यानं मिळणारी बैठक लहान शहरातल्या माणसाला मिळत नाही.

ती द्यायला मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. प्रभागातल्या नगरसेवकांनी शाळेच्या पटांगणात किंवा समाजमंदिरात सभा बोलवावी, पालिकेच्या अभियंत्याला आणि कर निरीक्षकाला तिथे बसवावं, प्रभागात किती कर गोळा झाला आणि किती खर्च झाला ते मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि लोकांनी सांगितलेली कामं लिहून घेऊन अर्थसंकल्पाच्या सभेत मांडावीत. हे कोणताही कायदा अडवत नाही. ज्या प्रभागात लोकांना आपल्या पैशाचा हिशेब कळेल, तिथे मालमत्ता कराची फेररचना मांडायलाही नगरसेवकाला तोंड राहील. पहिली सभा बळसोंडच्या लोकांनाही बोलावून, त्यांच्या सीमेलगतच्या प्रभागात घ्यावी.