मदत दावणीला द्या, उताऱ्याला नको

सुरतेतल्या मराठी बंधू-भगिनींनो,

लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा इथे लूमवर राबणाऱ्या कितीतरी घरांची दावण अजून गावी आहे. कुणाची धुळे-नंदुरबारकडे, कुणाची निझर-उच्छलकडे, म्हणजे १९६० साली पश्चिम खानदेशातून काढून गुजरातला जोडलेल्या पट्ट्यात. कुणाची जमीन उकाई धरणाखाली गेली, कुणाची वाटण्यांत संपली, कुणाची मुळात नव्हतीच. म्हैस मात्र राहिली, आणि तिच्या दुधावर मागे राहिलेल्यांची चूल पेटते. आमचे म्हणणे एवढेच आहे: सरकार जनावराच्या पोषणासाठी जो पैसा देते, तो जमिनीच्या उताऱ्यावर न ठरवता दावणीला बांधलेल्या जनावरावर आणि त्याला चारा घालणाऱ्या माणसावर ठरवावा.

आजचा नियम काय सांगतो ते पाहा. गुजरातेत २०२० पासून नैसर्गिक शेती करणाऱ्या शेतकऱ्याला एका गाईच्या निभावणीसाठी महिना ९०० रुपये, म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये मिळतात. त्यासाठी गाय देशी हवी, तिच्या कानात बिल्ला हवा आणि जमिनीचा आठ-अ उतारा अर्जदाराच्या नावावर हवा. पहिल्या अटीतच म्हैस बाद होते. २०१९ च्या पशुगणनेत गुजरातेत गाई सुमारे ९६ लाख होत्या आणि म्हशी सुमारे १ कोटी ५ लाख. म्हणजे ज्या जनावरांची संख्या जास्त, तीच यादीबाहेर. आणि म्हैस तरी कुठली? विळ्यासारखी शिंगे, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, एक जबड्याजवळ आणि एक छातीवर: ही सुरती म्हैस. आपल्या शहराचे नाव लावणारी ही जात गीर गाईइतकीच इथल्या मातीतली आहे. तरी तिच्याच जिल्ह्यात तिच्या चाऱ्यासाठी ही मदत नाही.

दुसरी अडचण उताऱ्याची, आणि ती जास्त खोल आहे. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपयेसुद्धा १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव जमिनीच्या दप्तरात होते त्यालाच मिळतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या वहितीदारांत बायकांचा वाटा जेमतेम १४ टक्के. पण पहाटे शेण कोण काढते, ढेप कोण भिजवते, धार कोण काढते आणि किटली घेऊन दूध मंडळीच्या रांगेत कोण उभे राहते, हे कुठल्याही गावात सकाळी सहा वाजता जाऊन पाहावे. काम तिचे आणि कागद दुसऱ्याचा. भूमिहीन घरात तर कागदच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गाईच्या निभावणीची योजना दुधासाठी नाही, नैसर्गिक शेतीसाठी आहे. जमीन नसेल तर शेण-गोमूत्राचे जीवामृत घालायचे कुठे? आक्षेप खरा आहे, आणि त्या योजनेने आपली अट ठेवावी. पण मग तिच्याकडे बोट दाखवून पशुपालकाला मदत दिली असे म्हणू नये. शिवाय गोशाळा-पांजरापोळांना २०२२ पासून गोमाता पोषण योजनेतून दर जनावरामागे दिवसाला ३० रुपये दिले जातात. महाराष्ट्राने २०२४ साली गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये जाहीर केले. ही मदत डोईमागे मोजली जाते. याला आमचा विरोध नाही. भाकड जनावर उपाशी मरू नये. पण जनावर घराबाहेर पडून संस्थेत गेले की त्याच्या चाऱ्याला पैसे, आणि कुणी पोटाला चिमटा घेऊन ते घरीच सांभाळले तर काही नाही, हा न्याय कसा? संस्थेच्या दावणीची जनावरे मोजता येतात, तर बाईच्या दावणीची दोन का मोजता येऊ नयेत?

खोटेपणा होईल, एकच म्हैस दोन घरांत दाखवतील, अशी भीती घातली जाते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. २०१९ पासूनच्या लाळ-खुरकुताच्या लसीकरणात त्याच क्रमांकावर नोंद होते. एका क्रमांकावर दोन घरांना पैसे गेले तर संगणकच पकडेल. दूध मंडळीची वही तर त्याहून पक्की. १९५१ पासून चाललेल्या सुमुल दूध संघाच्या मंडळ्यांत दोन वेळचे दूध मोजले जाते, फॅट लागते, सभासदाच्या खात्यावर रक्कम चढते. बिल्ला कधी झुडपात अडकून कान फाटून पडतो, हे खरे. युरोपात म्हणूनच दोन्ही कानांत बिल्ले मारतात, आपणही मारावेत. आणि भूमिहीन पशुपालक ओळखायचा कसा, हा प्रश्न सरकारने स्वतःच सोडवला आहे. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनाला लागू केले तेव्हा स्वतःचा, भाड्याचा किंवा खंडाचा गोठा मान्य झाला. कर्ज देताना गोठा चालतो, मग मदत देताना उतारा कशाला? २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानेही पशुपालकाला शेतकरीच म्हटले आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: डोईमागे पैसे दिले की लोक गरजेपेक्षा जास्त जनावरे पाळतील. युरोपीय संघाने याच अनुभवातून २००३ मध्ये आपले बहुतेक अनुदान जनावरांच्या संख्येपासून तोडले. हा धडा घ्यायलाच हवा. म्हणून आमची मागणी मोजकी आहे: एका घराला जास्तीत जास्त दोन जनावरे, गाय असो की म्हैस, देशी असो की संकरित, आणि लसीकरण पूर्ण असेल तरच. दहा म्हशींच्या तबेल्याला ही मदत नको. त्याला बँक आहे.

गावी गेलात की ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडा. या मदतीच्या अर्जात जिथे आठ-अचा क्रमांक मागतील, तिथे “अथवा” असा शब्द घालून पुढे दोन रकाने ठेवा: जनावराचा बिल्ला क्रमांक आणि दूध मंडळीचा सभासद क्रमांक. आणि अर्जदार म्हणून नाव त्या बाईचे लिहा, जी धार काढते.