साठ तास आणि एक शिक्का

फ्लेक्सवर पुन्हा लिहू नका, असं संपादकांनी मला प्रेमाने सांगितलेलं आहे. वाचकही कंटाळले असणार. पण या आठवड्यात केवळ फ्लेक्स नव्हता म्हणून एका मुलीची समाजसेवा नापास झाली, तेव्हा माझाही नाइलाज आहे.

मुलगी सिंदी रेल्वेची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज गाडीने वर्ध्याला ये-जा. (म्हणजे गाडी वेळेवर असेल त्या दिवशी. तो विषय वेगळा, त्यावरही संपादकांचं म्हणणं आहेच.) नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तिच्या वाट्याला समाजसहभागाचा प्रकल्प आला. दोन क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास, एकूण साठ. तिने घरासमोरचाच समाज निवडला. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीच्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि मोहल्ल्यातल्या बायांचे फॉर्म आपल्या मोबाइलवर भरून द्यायचे.

हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. बाईचा आधार क्रमांक टाकला की ओटीपी जातो तिच्या आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर असतो मुलाचा, मुलगा असतो बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्टला, आणि त्याचा फोन असतो लॉकरमध्ये. तो फोन करेपर्यंत ओटीपी मेलेला. मग नवऱ्याचा आधार. नवऱ्याच्या आधारला मोबाइल जोडलेलाच नाही. एकीचा नवरा नाही, वडीलही नाहीत, आणि संकेतस्थळाला तर दोघांपैकी एक हवाच. पुढे त्यावर काही सोय झाली, पण त्या संध्याकाळी ती बाई तशीच उठून गेली. हे सगळं मुलीने वहीत टिपून ठेवलं होतं. तारीख, बाईचं नाव, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, झालं की नाही. ‘नाही झालं’ अशा नोंदी ‘झालं’पेक्षा जास्त. वही मी पाहिली आहे. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा आहे.

महाविद्यालयाने वही परत केली. जिओटॅग केलेले फोटो नाहीत, बॅनर नाही, कुठल्या संस्थेच्या लेटरहेडवर जावक क्रमांक टाकून दिलेलं प्रमाणपत्र नाही. तास नामंजूर. तिच्याच वर्गातल्या काही जणांनी एका दुपारी वृक्षारोपण केलं. फ्लेक्स होता, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो होता, एका संस्थेचा गोल शिक्का होता. साठ तास मंजूर.

“झाड लावाले साठ तास लागते का हो काका?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, झाडाला नाही, फ्लेक्सचे खांब गाडायला लागत असतील. हे शैक्षणिक धोरण जिल्ह्याजिल्ह्यातल्या फ्लेक्स छापणाऱ्यांनी बसून लिहिलं असावं, हा माझा जुना संशय आहे. पुरावा शून्य. तरी संशय कायम.

आता अशा प्रसंगी ठरलेलं एक वाक्य असतं: सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे. सक्ती काढा, प्रश्न संपेल. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण सिंदीपासून याच लोहमार्गावर तुळजापूर, सेलू रोड, वरुड ओलांडलं की लागणाऱ्या स्टेशनात आहे. पण तिथे जाण्याआधी थोडं मागे.

सक्ती की स्वेच्छा हा वाद आपल्याकडे फार आधी, मोठ्या माणसांनी घालून झालेला आहे. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं, पदवीआधी विद्यार्थ्यांकडून नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करवून घ्या, सक्तीने. अर्थशास्त्री माणूस, हिशेब स्वच्छ होता. मग सरकारने शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांना परदेशांतले प्रयोग अभ्यासायला सांगितलं, आणि त्यांनी उलट सल्ला दिला: सक्ती नको. हे तेच सैयदैन, जे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या झाकिर हुसेन समितीवर होते. म्हणजे गांधींच्या नई तालीमचा आराखडा ज्यांनी आपल्या जिल्ह्याच्या नावाने केला, त्यांच्यातलाच एक. सरकारने सैयदैन यांचं ऐकलं आणि २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली. ऐच्छिक, पण वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, सोबत सात दिवसांचं शिबिर, आणि पुढे काही विद्यापीठांत वाढीव गुणांची आशा. आपल्याकडे ऐच्छिक गोष्टीचीसुद्धा हजेरी लागते.

तासांना माझा विरोध नाही. झाकिर हुसेन समितीनेही तास मोजले होते. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. फरक इतकाच की संध्याकाळी मुलाच्या हातात सुताची गुंडी असायची. सूत कच्चं असेल, गाठी असतील, पण ते असायचं. गुंडीला जिओटॅग लागत नव्हता.

आता ते स्टेशन. सेवाग्राम.

राष्ट्रीय सेवा योजना ज्या वर्षी सुरू झाली, त्याच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. पहिल्या तुकडीत साठ मुलं. तिथे ऐच्छिक असं फारसं काही नव्हतंच. खादी सक्तीची, श्रमदान सक्तीचं, सर्वधर्म प्रार्थना सक्तीची. नव्या मुलांना आधी पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात ठेवायचं, मग त्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं आणि सगळ्या तुकडीने तिथे पंधरा दिवस जाऊन राहायचं. येऊन-जाऊन नव्हे, मुक्काम. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं लावून द्यायची. घरातली माणसं किती, पाणी कुठलं, संडास आहे की नाही, कुणाला दम्याचा त्रास, कोणती सून पोटुशी. शिबिर संपलं तरी महिन्याकाठी त्याच घरांत जायचं, आणि हे पुढे काही वर्षं.

सक्ती याहून जास्त काय असते? मुलं कुरकुरतात, हे मी कानांनी ऐकलेलं आहे. मुंबई-दिल्लीकडून आलेल्या पोराला वर्ध्याच्या उन्हाळ्यात खादी घालून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी बसून रक्तदाब मोजायचा कंटाळा येणारच. पण त्या घरची आजी त्याला दुसऱ्या महिन्यात ओळखते. चौथ्या महिन्यात तो आला नाही तर विचारते. गोळी दिली होती ती लागली नाही, हे तोंडावर सांगते. पोराने हजेरी खोटी लावली, तर ती कागदावर खपेल, आजीच्या दारात खपणार नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली कळीची गोष्ट हीच वाटते: साक्ष देणारा माणूस तोच आहे, ज्याच्यासाठी काम झालं. अधिकारी नव्हे, संस्था नव्हे.

आणि हे नातं एकतर्फीही नव्हतं. याच महाविद्यालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्यविमा सुरू केला, तेव्हा गावकऱ्यांनी हप्ता ज्वारीत भरला. सुगीला, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. ज्या माणसाने दवाखान्याला ज्वारी मोजून दिली आहे, तो डॉक्टरला जाब विचारायला कचरत नाही. आमच्या समाजसहभाग प्रकल्पातल्या ‘समाजा’ला असा कोणता जाब विचारता येतो? त्याला तर फोटोत मागे उभं करतात. पुढे बॅनर.

याच कथेचा दुसरा भाग आणखी बोलका आहे. सेवाग्रामला पन्नासेक वर्षं चाललेल्या या गोष्टीसारखंच काहीसं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडे देशभर लागू केलं. नाव कुटुंब दत्तक कार्यक्रम. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची, भेटी ठरलेल्या, तीन वर्षांत मिळून ७८ तास, सगळ्याची लॉगबुकात नोंद. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. पण एका शहरातल्या महाविद्यालयात शिकणारी माझ्या ओळखीची मुलगी सांगते: बस गावात थांबते, दत्तक कुटुंब दिवसा मजुरीला गेलेलं असतं, दाराला कुलूप. मग शेजारच्या घरासमोर फोटो, आणि लॉगबुकात मागच्या भेटीतलं वजन अर्ध्या किलोने वाढवून लिहायचं. गावातला मुक्काम गळाला आणि उरलं ते लॉगबुक. रात्री गावात झोपलेल्या मुलाला कुटुंब कधी घरी असतं हे कुणी सांगावं लागत नाही.

सगळीकडे असंच होतं असं नाही. कुठेतरी एखादा सामाजिक वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक पोरांना संध्याकाळी नेत असेल. त्याला माझा नमस्कार. नियमात मात्र संध्याकाळ नाही.

मी सिंदीच्या त्या मुलीच्या महाविद्यालयातल्या समन्वयक प्राध्यापकांशी बोललो. माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं, “आम्हाले तरी हौस आहे का? नॅकवाले आले की फोटो मागतात, विद्यापीठ अहवाल मागते, पोर्टलवर फोटोशिवाय पुढचं पान उघडत नाही. वही अपलोड कुठे करू?” दोनशेवर पोरांचे फोटो ते स्वतः रात्री घरी बसून चढवतात. बायकोचा मोबाइल घेऊन, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये जागा उरलेली नाही. ही त्यांची समाजसेवा कुणी मोजत नाही, हेही खरंच. मी विचारलं, मोहल्ल्यातल्या बाया लिहून द्यायला तयार आहेत, चालेल का? म्हणाले, बाया म्हणजे संस्था नाही न. मी म्हटलं, त्यातल्या बहुतेक बचत गटात आहेत. गटाला अध्यक्ष आहे, सचिव आहे, ठराववही आहे, बँकेत खातं आहे, शिक्काही आहे. ते जरा थांबले. मग म्हणाले, वरून विचारून सांगतो. वरून म्हणजे कुठून, हे त्यांनाही नक्की ठाऊक नसावं.

आणि हा आजार फक्त आपलाच, असंही नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात बारावीचं प्रमाणपत्र हवं तर चाळीस तास समाजसेवा लागते. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे गेलेल्या मराठी घरांतली पोरं शेवटच्या वर्षी ते तास गोळा करायला गणेशोत्सवात खुर्च्या लावतात, मंडळाचा कार्यकर्ता सही देतो. खुर्च्या तरी खरोखर लागतात, एवढं समाधान. सिंदीत तान्ह्या पोळ्याला एवढे मोठे लाकडी नंदी निघतात, गर्दी आवरायची, पोरांना सांभाळायचं, रस्ता मोकळा ठेवायचा, हे सगळं गावातली तरुण मुलंच करतात. क्रेडिट हवं का, असं त्यांना कुणी विचारलं तर ती बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची खुशाली, मागतील.

सक्ती राहू द्या. साठचे ऐंशी तास करा, माझी हरकत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लावणाऱ्या आमच्या विद्यापीठाने मुलांना घाम गाळायला सांगितलं तर ते नावाला शोभेलच. फक्त प्रमाणपत्राच्या नमुन्यात संस्थेच्या शिक्क्याची जी चौकट आहे, तिच्या जागी पाच रकाने करा. ज्यांचं काम केलं अशा पाच माणसांची नावं आणि त्यांचे मोबाइल नंबर. सही येत असेल तर सही, नाहीतर अंगठा. समन्वयकाने पाचातले कुठलेही दोन नंबर लावून विचारावं, पोरगी आली होती का, किती वेळ बसली, काम झालं का. खोटी नावं येतील, हे धरूनच चालू. खोटे शिक्के आजही येतातच की. पण मोहल्ल्यातली बाई फोनवर कुणाच्या पोरीसाठी खोटं बोलेल आणि कुणाच्या नाही, हे कळायला दोन मिनिटं पुरतात.

आणि फोन रात्री आठनंतरच लावावा. दिवसा त्या कापूस वेचायला गेलेल्या असतात.