निवृत्तीनंतर बघू!

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या कपाटाच्या तळाशी दरवर्षी एक वही सापडते. मी ती झटकतो, चाळतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. वर ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे, 'नर्मदा परिक्रमा'. वही घेतली त्याला अकरा वर्षे झाली. निवृत्तीला आणखी चार आहेत. सरकारने पंचवार्षिक योजना २०१७ साली आटोपत्या घेतल्या. माझी तिसरी अजून चालू आहे!

वहीत काय नाही? नर्मदा १३१२ किलोमीटर लांब; दोन्ही काठ चालायचे म्हणजे २६०० च्या वर. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी राहायचे. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस; रोज वीस किलोमीटर नेटाने चालल्यास साडेचार महिने. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा मी नकाशाही नव्याने काढला. 'सराव : रोज पहाटे सिद्धेश्वर तळ्याभोवती फेऱ्या' असेही एक पान आहे. ते मात्र कोरे!

गेल्या महिन्यात सौ. जिन्यात गुडघा धरून उभी दिसली.

"कधीपासून गं हे?"

"झाली दोन वर्षे. तुमच्या वहीत माझ्या गुडघ्याचे पान नव्हते, म्हणून बोलले नाही."

मी गप्प झालो. परिक्रमा दोघांनी करायची, असे पहिल्याच पानावर मीच लिहिले होते.

त्या रात्री जबलपूरच्या अमृतलाल वेगडांची आठवण झाली. हा चित्रकार १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने निघाला. निवृत्तीची वाट पाहिली नाही; नोकरी सांभाळून, जमेल तसा तुकड्यातुकड्याने चालला. पुढे २००२ साली, पंचाहत्तरीच्या घरात, पत्नीसह पुन्हा निघाला. एवढे वाचून ठेवूनही मी शिकलो काय, तर याद्या करायला!

डॉक्टरांनी तपासून सांगितले, 'चाला, पण बेताने.' मग कोजागिरीला आम्हीही निघालो. त्या रात्री सोलापुराहून तुळजापूरपर्यंतचा पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता माणसांनी फुललेला असतो. रूपाभवानीच्या देवळापासून आम्ही त्या गर्दीत शिरलो. दीड किलोमीटरावर सौ. थांबली.

"तुम्ही जा पुढे. मी परतते."

पाय पुढे ओढत होते, खोटे कशाला बोलू? पण तिच्याबरोबर मागे फिरलो. बसत, चहा घेत, पिठूर चांदण्यात घरी आलो.

रात्रीच वही काढली आणि सरावाच्या कोऱ्या पानावर लिहिले, 'तीन किलोमीटर. दोघे.'

सौ.ने डोकावून पाहिले. "बाकी किती राहिले?"

"ते नाही मोजायचे आता," मी म्हणालो. कार्तिकी एकादशीनंतर चार दिवसांची रजा टाकली आहे. ओंकारेश्वरला जाऊ, काठाने गुडघा म्हणेल तितके चालू. पुढचा तुकडा पुढच्या वर्षी.

वाचकहो, यंदाच्या साफसफाईत तुमच्याही कपाटात अशी एखादी वही सापडली असेल. झटकलीत ना? मग कृपा करून ती पुन्हा तळाशी ठेवू नका.