धोतर आणि गिटार

आईचे गुडघे थंडीत धरतात, म्हणून दर डिसेंबरात आम्ही दोन दिवस गणेशपुरीला येतो. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडांवर गर्दी व्हायच्या आत पोचायचं. पाणी असं कढत, की पाय टेकवून काढायचा, पुन्हा टेकवायचा, मग कुठे घोट्यापर्यंत. वाफेत माणसं अर्धीच दिसतात. नित्यानंद स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन खोलीवर परतलं, की दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवसासाठी या खेपेस दोन गोष्टी आणल्या होत्या: 'इंडियन ओशन' या बँडचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं'.

'डेझर्ट रेन' स्टुडिओत घडलेला नाही. १ जानेवारी १९९७ला दिल्लीत, रंगकर्मी सफदर हाश्मींच्या आठवणीत 'सहमत' या संस्थेनं ठेवलेल्या कार्यक्रमात हे चौघं उघड्यावर वाजवत होते, त्याचं हे ध्वनिमुद्रण. गिटारवर सुस्मित सेन, बेसवर राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम, आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती. शब्द अगदी थोडे. मला सर्वांत आवडतं ते त्यांचं एकमेकांसाठी थांबणं. गिटारची ओळ फिरून फिरून येते, तिच्यावर कुणी झडप घालत नाही. तबला कडेकडेनं चालत राहतो आणि मग कधी दोघं एक झाले ते कळतही नाही. समोर माणसं बसली आहेत, म्हणूनच हे असं वाजतं, असं मला ठाम वाटतं. असीम २००९च्या डिसेंबरात गेले. त्यांचा आवाज लागला, की मी हातातलं काम खाली ठेवतो.

आईनं डोळे मिटून बरंच ऐकलं. मग म्हणाली, "आता तू वाच काहीतरी."

मी 'धर्मा रामोशी' काढली. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून मराठी कथा लोकांच्या कानांपर्यंत नेली. ही कथा मोठ्यानं वाचताना त्या गद्यातला बोलता माणूस लगेच भेटतो. वाक्यं लहान, विशेषणं जेमतेम. म्हातारा, दारिद्र्यानं पिचलेला धर्मा, त्याची लेक आणि निवेदकानं त्याला दिलेलं एक धोतर. एवढंच भांडवल. त्या धोतराचं पुढं काय होतं, ते इथं सांगून मी कुणाचा घास हिरावणार नाही. पण ते कळतं त्या जागी माडगूळकर हळहळत नाहीत, गरिबीवर बोलत नाहीत. जे दिसलं ते सांगतात आणि थांबतात. १९४९ साली, पुस्तक आलं तेव्हा, ते जेमतेम बाविशीचे होते. त्या वयात एवढं गप्प राहणं कुठून आलं असेल! मी चाळीस वर्षं लिहितो आहे आणि अजून शेवटाला एखादं वाक्य जास्तीचं पडतंच.

वाचून झालं तेव्हा आई काही बोलली नाही. आमच्या पणजीकडे बाहेर नेसायचं एकच लुगडं होतं, जावाजावांत ते आळीपाळीनं नेसत, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं ते रात्री, दिवा मालवल्यावर. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"विषय निघाला नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ते मघाचं तबल्याचं पुन्हा लाव. हळू लाव, शेजारी झोपलेत."