पणजीचे नाव काय?

पितृपक्षात यजमान हाती दर्भ घेऊन तर्पणास बसतो. पित्याचे नाव तो मोठ्याने सांगतो, आजोबांचेही सांगतो. पणजोबांच्या नावापाशी स्वर उतरतो आणि पणजीचे नाव विचारताच तो घरातील वृद्धांच्या तोंडाकडे पाहू लागतो. जवाहरनगरसारख्या वसाहतीत हे अधिकच घडावयाचे. आयुध निर्माणीच्या निमित्ताने ठिकठिकाणची कुटुंबे येथे आली, क्वार्टरांत स्थिरावली. गाव सुटले आणि गावाबरोबर नावे सांगणारी माणसेही दुरावली. म्हणून पूर्वजांचा शोध घेण्याचा छंद कोणी धरीत असेल, तर आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो.

या शोधाची साधने पुष्कळ आहेत. काशी, गया, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचे गाव, आडनाव आणि पिढ्या नोंदविलेल्या सापडतात. आपला भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता; त्यामुळे येथील शोधकाने कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, मालगुजारीच्या काळातील बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. जुन्या दप्तरांसाठी मोडीचा परिचय हवा. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड साऱ्या महाराष्ट्रास कळली.

परंतु सर्वांत जवळचा कागद घरचे पंचांगच होय. श्राद्धाची तिथी हीही एक नोंदच आहे. एखाद्या घरी अविधवा नवमी पाळली जाते, म्हणजे कोणी सौभाग्यवती पतीआधी गेली. एखाद्या घरी चतुर्दशीस पान वाढले जाते, म्हणजे कोणास शस्त्राने वा अपघाताने मरण आले. २४ जानेवारी २०२५ रोजी येथील आयुध निर्माणीतील स्फोटात जे कामगार गेले, त्यांच्या घरीही ही चतुर्दशी आली. आणखी दोन पिढ्यांनी एखादे पोर विचारील, ‘आपल्याकडे याच दिवशी का?’ त्याला उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर ते आजच लिहून ठेविले पाहिजे.

एक उणीव मात्र आम्हांस सलते. बहुतेक वंशावळींत पुरुषामागून पुरुष उतरत जातो. लेकी गळतात, सुना नावापुरत्या उरतात. लग्नात नाव बदलले की माहेरचे नाव तिच्याबरोबरच नाहीसे होते. तर्पणविधी असा कृपण नाही. तेथे माता, पितामही, प्रपितामही यांना नावाने तिलोदक दिले जाते, मातामहाच्या कुळाचेही स्मरण होते. धर्म ज्यांना ओंजळभर पाणी देतो, त्यांना आमच्या वहीत एक ओळ मिळू नये काय?

दुसरा मोह थोरवीचा. शोधता शोधता एखादा सरदार वा राजा मूळपुरुष म्हणून हवासा वाटू लागतो आणि मधल्या रिकाम्या पिढ्या कल्पनेने भरल्या जातात. अशांनी छांदोग्योपनिषदातील सत्यकामाची कथा आठवावी. गोत्र विचारताच जबाला मातेने मुलास सांगितले की, ते मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, म्हणून तू सत्यकाम जाबाल. मुलाने गुरूंपुढे तेच सांगितले आणि हारिद्रुमत गौतमांनी त्या सत्यावरच त्याला शिष्य केले. कुळाचा पत्ता नव्हता, पण आईचे नाव होते. त्या नावानेच तो आजवर ओळखला जातो.

तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी शास्त्राने सर्वपित्री अमावास्या ठेविली, गोत्र ठाऊक नसलेल्यास काश्यप गोत्र दिले. तेव्हा वहीत एखादी जागा कोरी राहिली, तर लाज बाळगू नये. खोटे नाव मात्र घालू नये. या अमावास्येस नैवेद्य दाखवून झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावे. तिच्या आईचे, सासूचे आणि आजेसासूचे नाव विचारावे, माहेरच्या नावासह. ती सांगू शकते तोवरच.