शिबिरातली मैत्री, मोहल्ल्यातली भिंत

म्हैसूरच्या पूर्व भागात उदयगिरी आणि क्यातमारनहळ्ळी या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. २ जुलै २००९ रोजी क्यातमारनहळ्ळीत बांधकाम चालू असलेल्या मशिदीच्या जागेत मेलेले डुक्कर टाकल्याचे आढळले आणि शहरात दंगल उसळली; माणसे प्राणास मुकली. १० फेब्रुवारी २०२५ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका चिथावणीखोर मजकुरावरून उदयगिरी पोलीस ठाण्यावर दगडफेक झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पहिल्या दंगलीच्या साली जन्मलेले मूल दुसऱ्या दंगलीच्या वेळी पंधरा वर्षांचे होते. या पंधरा वर्षांत त्याला कोणी काय शिकवले, हा खरा सवाल आहे.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर सज्जनांच्या सभांतून एक ठरलेला उपाय पुढे येतो: दोन्ही समाजांतील कुमारवयीन मुलामुलींचे शांतता शिबिर भरवा. आठवडाभर एका पंगतीत जेवण, खेळ, गाणी, एकमेकांच्या सणांची ओळख. निरोपाच्या दिवशी डोळ्यांत पाणी. यातले काहीच खोटे नसते. त्या वयात जडलेली मैत्री मोठ्या माणसांच्या ठरावांपेक्षा अधिक प्रामाणिक असते. परंतु आठव्या दिवशी मुले ज्या गल्लीत परततात ती गल्ली जशीच्या तशी उभी असते. दंगल ही गैरसमजातून उद्भवते, म्हणून ओळख करून दिली की ती टळेल, असे शिबिरवाल्यांचे प्रतिपादन आहे. मशिदीत डुक्कर टाकणाऱ्याचा कसलाही गैरसमज झालेला नसतो. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते.

या मंडळींचे शास्त्रीय दैवत म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट. पूर्वग्रहांच्या स्वरूपावरील त्याचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. सहवासाने पूर्वग्रह ओसरतात, एवढेच त्यातून उचलले जाते. ऑलपोर्टने मात्र अटी घातल्या होत्या: दोन्ही गटांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट समाईक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य लागावे आणि कायदा व अधिकारी यांचा त्याला पाठिंबा असावा. शिबिराच्या कुंपणाआत आठ दिवस या अटी पाळल्या जातात. कुंपणाबाहेर एकही पाळली जात नाही. उदारमतवादी पुढारी ऑलपोर्टचे नाव घेतात आणि त्याच्या अटींवर पांघरूण घालतात!

याची किंमत किती भयंकर असू शकते, हे पॅलेस्टाइनने दाखवून दिले आहे. १९९३ पासून अमेरिकेतील मेन राज्यात ‘सीड्स ऑफ पीस’ या संस्थेची शिबिरे भरत आली. इस्रायली व अरब मुले तेथे एकत्र राहिली. पुढे भारत आणि पाकिस्तानातील मुलेही गेली. इस्रायलचाच अरब नागरिक असलेला १७ वर्षांचा आसील आस्ले हा या शिबिरांतील उत्साही कार्यकर्ता होता. २ ऑक्टोबर २००० रोजी गॅलिलीतील अराबा गावी निदर्शनांच्या वेळी इस्रायली पोलिसांच्या गोळीने तो मारला गेला. त्याच्या अंगात त्याच संस्थेचा हिरवा सदरा होता. त्या दिवसांत मारल्या गेलेल्या तेरा जणांपैकी कोणाच्याही मृत्यूसाठी एकाही पोलिसावर खटला भरला गेला नाही. त्याचे ज्यू मित्र रडले, आणि ते रडणे खोटे नव्हते. परंतु सत्ता ज्यांच्या हाती होती ते त्या शिबिरात कधी गेलेच नव्हते.

म्हैसूरकडे परतून पाहता तेच दिसते. कुमारवयीनांची कायमची भेट शाळेत व्हावयाची. कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची, म्हणजे वस्तीतील साऱ्या मुलांनी एकाच शाळेत शिकण्याची शिफारस केली. भांडवलदारी राज्यकर्त्यांनी ती अहवालातच पुरली. आज एका वस्तीतील मूल सरकारी उर्दू शाळेत, दुसऱ्या वस्तीतील मूल फी भरून इंग्रजी शाळेत. दोघांची गाठ पडावी कोठे? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच. कुमारवयाचा खरा आरंभ होतो तेथेच राज्यसंस्था हात झटकते, आणि उदबत्ती वळणाऱ्या, विडी बांधणाऱ्या घरचा मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागतो. शिबिराच्या यादीत बहुधा त्याचे नाव नसते. दंगलीतील आरोपींच्या यादीत मात्र त्याच्यासाठी जागा राखलेली असते.

शाळेची जी काही समाईक जागा उरली होती तिच्यावरही घाव घातला गेला. ५ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशाने कर्नाटकातील तत्कालीन भाजप सरकारने हिजाब घालणाऱ्या मुलींना महाविद्यालयांच्या फाटकावर अडवले. समोर भगवे उपरणे घातलेली, त्यांच्याच वर्गातली मुले उभी करण्यात आली. १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. त्याच फेब्रुवारीत म्हैसुरातील एका खाजगी महाविद्यालयाने गणवेशाचा नियमच मागे घेऊन मुलींना वर्गात बसू दिले. त्या एका निर्णयाने मैत्रीचे जेवढे काम केले तेवढे दहा शिबिरांनी होणार नाही. पुढे काँग्रेसचे सरकार आले. २२ डिसेंबर २०२३ रोजी म्हैसूर जिल्ह्यातीलच नंजनगूड तालुक्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बंदी उठवण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी ती ‘विचाराधीन’ झाली!

मात्र या टीकेचा आधार घेऊन जे कॉम्रेड शिबिरांची टवाळी करतात त्यांनाही सुनावणे प्राप्त आहे. वर्गीय एकजूट झाली की जमातवाद आपोआप गळून पडेल, हा निव्वळ आळस आहे. म्हैसुरातील आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना १९९६ साली बंद पडला. असे कारखाने गेले की एका पाळीत, एका युनियनमध्ये वेगवेगळ्या वस्त्यांतील तरुणांना भेटवणारी जागाही जाते. ती दुसरीकडे निर्माण केल्यावाचून एकजुटीच्या घोषणा कोणाला ऐकवावयाच्या?

भिवंडीचे उदाहरण जवळचे आहे. १९७० आणि १९८४ साली होरपळलेल्या त्या यंत्रमागनगरीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसे मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. समित्यांची बैठक दंगल नसतानाही होत होती. अफवा आली तर कोणाकडे जावयाचे हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत होते. हे एका पोलीस अधिकाऱ्याला सुचले, कष्टकऱ्यांच्या संघटनांना सुचले नाही, ही गोष्ट बोचणारी आहे.

उदयगिरी आणि क्यातमारनहळ्ळीच्या सीमेवर बारा महिने उघडी राहणारी एक अभ्यासिका, दहावीच्या गणिताचा रात्रवर्ग, दोन्ही वस्त्यांतली मुले घेऊन बनवलेला आणि दुसऱ्या गावाशी सामने खेळणारा एक कबड्डी संघ, याला देणगीदार लागत नाही. रोज संध्याकाळी हजर राहणारे चार सभासद लागतात. त्याच मुलांच्या सह्यांनी बारावीपर्यंत मोफत शिक्षणाच्या मागणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे गेला, तर ऑलपोर्टच्या समाईक उद्दिष्टाची अट पुरी होईल. आणि पुढल्या चिथावणीच्या रात्री पोलीस ठाण्याकडे निघालेल्या जमावात त्यांच्या वर्गातला कोण आहे, हे त्यांना नावानिशी ठाऊक असेल.